स्किप करायचं नाही!

‘शनिवारी रात्री आठ, माझ्याकडे. प्रत्येकाने एक अल्बम आणायचा. दशक फक्त नव्वदचं. पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत वाजणार. जो स्किप म्हणेल तो भांडी घासेल.’

बुधवारी भर दुपारी, एक डेडलाइन डोक्यावर आणि दुसरी दारात उभी असताना, आमच्या ग्रुपवर हा फतवा येऊन पडला. पाठवणारा आमचा कोथरूडचा होस्ट. वय एकोणतीस, पगार बरा, फ्लॅट भाड्याचा आणि दर दोन महिन्यांनी एक नवं खूळ. मागचं खूळ सावरडो ब्रेडचं होतं, त्यातून आम्ही नुकते कुठे सावरत होतो. या वेळी त्याने जुन्या बाजारातून टू-इन-वन उचलला होता. झाकण एका बाजूने तुटलेलं, रेडिओ बंद. ‘पण कॅसेट चालते’ हे त्याने तीन वेळा लिहिलं होतं.

आता मंडळी, तुम्हाला वाटेल, यात काय मोठंसं? आवडता अल्बम सांगायचा, वाजवायचा, पिझ्झा खायचा, घरी यायचं. पण बघा हं. आवडतं गाणं सांगणं सोपं असतं. ते रोज बदललं तरी कुणी विचारत नाही. अल्बम सांगायचा म्हणजे व्हिजिटिंग कार्ड देण्यासारखं आहे. लोक त्यावरून तुमची लायकी काढतात. मग सुरू होतो विचार. फार फिल्मी नको, फार अनवट नको, कूल तर दिसला पाहिजे, पण मुद्दाम कूल निवडलाय असंही दिसता कामा नये.

तर कन्फेशन. माझी पहिली निवड होती रेडिओहेडचा ‘ओके कम्प्युटर’. १९९७ चा अल्बम, माझा जन्मही त्याच सालचा, आणि नाव घेतलं की समोरचा दोन सेकंद गप्प होतो. खरं सांगू? तो मी पहिल्यांदा ऐकला मास कॉमच्या दुसऱ्या वर्षाला, ज्या मुलावर इंप्रेशन मारायचं होतं त्याच्या इयरफोनची एक बाजू कानात घालून. मुलगा गेला, अल्बम राहिला. आवडतोही. पण ‘आवडता’?

शिवाय टू-इन-वन समोर असताना मोबाईलवरून काय वाजवायचं? म्हणून गुरुवारी साताऱ्याला घरी फोन लावला.

‘आई, बाबांच्या कॅसेटींचा खोका आहे ना अजून माळ्यावर? त्यातली नव्वदच्या दशकातली एखादी पाठव ना.’

‘बाबांच्या चाळीस-पन्नास आहेत. कुठली पाठवू?’ मग जरा थांबून म्हणाली, ‘माझी एक आहे. ती चालेल का?’

अठ्ठावीस वर्षं मी त्या घरातली मुलगी आहे. आईची म्हणून एक कॅसेट आहे, हे मला ठाऊकच नव्हतं.

‘कुठली गं?’

‘लेकिन. मधे एका ठिकाणी जरा खराब आहे हं. बघ बाई.’

शुक्रवारी पुण्याला येणाऱ्या शेजारच्या काकांच्या पिशवीतून ती आली. मेथीच्या लाडवांच्या डब्यावर, रुमालात गुंडाळलेली.

दहा मिनिटं चिडीचूप

पहिला नंबर आमच्या दादाचा. आयटीत मॅनेजर, वय एक्केचाळीस, ग्रुपमधला एकमेव माणूस ज्याला नव्वदचं दशक स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याचं आठवतं. बाकी आम्ही त्या दशकात एक तर पाळण्यात होतो नाही तर केजीत.

दादाने आणला निर्वानाचा ‘नेव्हरमाइंड’. सप्टेंबर १९९१ चा अल्बम. जानेवारी १९९२ मध्ये याने अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या यादीत मायकल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला पहिल्या नंबरवरून खाली ओढलं. सोलापुरात तो दादाच्या हाती लागला १९९९ साली. तोपर्यंत कर्ट कोबेनला जाऊन पाच वर्षं झाली होती. पुण्यात शिकणाऱ्या मित्राच्या भावाने कॉपीची कॉपी करून आणलेली कॅसेट, कव्हर म्हणून झेरॉक्स. मूळ कव्हरवर निळ्या पाण्यात पोहणारं बाळ आहे आणि त्याच्यासमोर गळाला लावलेली डॉलरची नोट. झेरॉक्समध्ये पाणी काळं आणि बाळाचा नुसता डाग. ‘दोन वर्षं मला तो मासा वाटत होता,’ दादा म्हणाला.

‘इंग्लिश शब्द एक कळत नव्हता. पण सोलापूरचा मे महिना, क्लास, घरी मार्कांवरून कटकट... आणि कानात कुणीतरी आपल्या वतीने बोंबलतोय. बरं वाटायचं रे.’

२००६ मध्ये पहिल्या पगारातून त्याने खरी सीडी घेतली. पीजीतल्या खोलीत दिवे घालवून ऐकली. शेवटचं गाणं संपलं, शांतता झाली, याला तिथेच झोप लागली. आणि मग अचानक असा काही धडाका सुरू झाला की त्याला वाटलं, खालच्या मजल्यावर कुकर फुटला! झालं होतं असं, की सीडीच्या शेवटी जवळजवळ दहा मिनिटांची शांतता सोडून एक गाणं लपवून ठेवलेलं आहे. कव्हरवर त्याचं नाव नाही. अगदी पहिल्या काही सीडींवर ते चुकून राहूनच गेलं होतं.

त्या रात्री दादाने होस्टच्या लॅपटॉपवर तीच सीडी लावली. गाणी संपली आणि आम्ही खरोखर दहा मिनिटं गप्प बसलो. आठ माणसं, आठ मोबाईल, आणि कुणी हात लावला नाही. गेल्या वर्षभरात असं शेवटचं कधी झालं होतं, मला आठवत नाही.

ताईच्या हातातला रिमोट

दुसरी आमची नागपूरची डिझायनर. तिचा अल्बम लकी अलीचा ‘सुनो’, १९९६.

इंडिपॉपचा तो सुवर्णकाळ. चॅनल व्ही १९९४ मध्ये आलं, एमटीव्ही १९९६ मध्ये नव्याने. मधल्या वर्षी, १९९५ मध्ये, अलिशा चिनॉयच्या ‘मेड इन इंडिया’ने धमाल उडवली. ते संगीत होतं बिद्दूचं. १९७४ मध्ये ‘कुंग फू फायटिंग’ हे जगभर गाजलेलं गाणं करणारा आणि नंतर नाझिया हसनला घेऊन ‘डिस्को दीवाने’ करणारा हाच तो बिद्दू. या अल्बमांत एक गोष्ट आपल्याकडे नवी होती. सिनेमात आवाज एकाचा आणि चेहरा दुसऱ्याचा. इथे जो गातोय तोच कव्हरवर. ‘ओ सनम’च्या व्हिडिओत इजिप्तच्या पिरॅमिडसमोर फिरणारा तो माणूस खरंच गात होता. मेहमूदचा मुलगा असूनही अजिबात हिरोसारखा वागत नव्हता.

आमची डिझायनर तेव्हा बाळ होती. अल्बम तिच्या ताईचा, नऊ वर्षांनी मोठी. बाबा ऑफिसातून येईपर्यंत रिमोट ताईच्या हातात आणि कॅसेटही ताईचीच. पुढे सगळी शाळाभर हिने ती ऐकली. ताई आता सिडनीत. दोघींचे फोन होतात ते आईच्या बीपीबद्दल आणि नागपूरच्या घराच्या गळतीबद्दल. पण २०२० मध्ये, पांढऱ्या दाढीतला लकी अली गिटार घेऊन तेच गाणं गातोय असा व्हिडिओ फिरायला लागला, तेव्हा दोघींनी एकाच मिनिटाला तो एकमेकींना पाठवला. वर एक शब्द न लिहिता.

‘त्यानंतर महिनाभर आम्ही नीट बोलत होतो,’ ती म्हणाली. मग उठून पाणी प्यायला गेली.

तिसरा अटेम्प्ट

सीए साहेबांनी आणला ‘१९४२: अ लव्ह स्टोरी’. आम्ही जरा नाक मुरडलं. हे तर सगळ्यांनाच आवडतं! पण सीएकडे हिशोब तयार असतो.

‘ऐंशीच्या दशकाच्या शेवटाला आर. डी. बर्मनकडे काम नव्हतं. ज्यांनी त्याच्या जिवावर हिट दिले ते दुसरीकडे गेले. मग हा सिनेमा मिळाला. त्याने गाणी केली आणि ४ जानेवारी १९९४ ला तो गेला. सिनेमा आला जुलैमध्ये. फिल्मफेअर मिळालं, पण घ्यायला माणूस नाही.’

हे आम्हाला माहीत होतं. पुढचं नव्हतं. सीए फायनलला हा दोनदा आपटला होता. तिसऱ्या अटेम्प्टच्या वेळी वडिलांनी काही बोलायचं सोडून दिलं. फक्त रोज रात्री साडेदहाला जुन्या मारुतीत बसवून कर्वे रोडने एक चक्कर मारून आणायचे. गाडीत एकच कॅसेट. वडील गप्प, हा गप्प, जावेद अख्तरांचे शब्द आणि पंचमदांची चाल.

‘संपलेला माणूस एवढं करतो, तर आपण एक ग्रुप काढू शकतो, असं वाटायचं,’ तो म्हणाला. मग हळूच, ‘बाबांनी ती कॅसेट मुद्दाम लावली होती का, हे मी अजून विचारलेलं नाही.’

तमिळ की हिंदी?

इथवर सगळे हळवे झाले होते. नाशिककराने ‘रोजा’ काढला आणि भांडण लागलं. बरं झालं!

ए. आर. रहमानचा पहिला सिनेमा, १९९२. वय २५. चेन्नईत घराच्या आवारातल्या स्वतःच्या स्टुडिओत केलेलं काम, आणि पहिल्याच झटक्यात राष्ट्रीय पुरस्कार. नाशिककराकडे मामाची हिंदी कॅसेट होती. ती वाजू लागल्याबरोबर आमची चेन्नईवाली उठून उभी राहिली. चार वर्षं पुण्यात आहे, मराठी आमच्यापेक्षा शुद्ध बोलते.

‘हे भाषांतर आहे. मूळ शब्द वैरमुत्तूंचे आहेत आणि त्यांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळालाय. तुम्ही लोक डबिंग ऐकून रडता?’

‘मला तमिळ येत नाही, तर मी काय करू? मला मामाने हेच ऐकवलं!’

वाद वीस मिनिटं चालला. शेवटी तोडगा निघाला. आधी हिंदी, मग मोबाईलवर तमिळ. चाल तीच, पण ओळ संपण्याची जागा वेगळी, आघात वेगळे. हिंदीत जिथे शब्द चालीत बसवल्यासारखे वाटत होते, तिथे तमिळमध्ये ते आधीपासून राहत असल्यासारखे वाटले. नाशिककराने मान्य केलं. तरी म्हणाला, ‘माझं मात्र हिंदीच.’ यावर कुणी हसलं नाही. पहिल्यांदा ज्या भाषेत कानावर पडलं, ते आपलं.

मराठी कुठाय?

अकरा वाजता होस्टच्या लक्षात आलं की आपण सगळे मराठी (चेन्नईवालीसकट!) आणि मराठी अल्बम एकही नाही. त्याने स्वतःचा अल्बम जाहीर केला, ‘गारवा’. मिलिंद इंगळेंचा आवाज आणि संगीत, सौमित्रचे शब्द, नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धातला. एकदम ‘अय्या!’, ‘शाळेचा पाऊस!’ असा गलका झाला. गाण्याआधी सौमित्रच्या आवाजात कविता येते ना, ती सुरू झाली आणि काय सांगू, आठजण एका सुरात म्हणायला लागले. स्वतःला जाम मॉडर्न समजणारे, पावसावरच्या कवितांची टिंगल करणारे आम्ही. एकही शब्द चुकला नाही. होस्टच्या काकांकडे ही कॅसेट होती आणि पाऊस पडो न पडो, रविवारी अंघोळीच्या वेळी ती लागायचीच.

सोसायटीच्या वॉचमनने एकदा बेल वाजवली. आम्ही आवाज कमी केला. कविता चालू राहिली.

मधे एका ठिकाणी खराब आहे

पावणेबाराला माझा नंबर. रुमाल सोडला, कॅसेट काढली. ‘लेकिन’. गुलजारचा सिनेमा, निर्मिती खुद्द लता मंगेशकरांची, संगीत हृदयनाथांचं. १९९० सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत संगीत, गीत आणि गायिका हे तिन्ही मान याच गाण्यांना मिळाले. लताबाई तेव्हा साठी ओलांडलेल्या. राजस्थानातली वाळू, वाट पाहत अडकून पडलेली एक बाई, आणि त्या वाळूवरून सरकत येणारी ती गाणी.

होस्टने टू-इन-वनचं हेड कापसाने पुसून घेतलं. कॅसेटची पट्टी सेकंदाला पावणेपाच सेंटीमीटर या वेगाने सरकते. इथे बेल्ट सैल, त्यामुळे लताबाई मधेच किंचित झोका घेत होत्या. पण आवाज आला. तीस-पस्तीस वर्षं जुनी पट्टी, तरी आला. चेन्नईवालीने डोळे मिटले. आशाबाई आणि सत्यशील देशपांड्यांची बंदिश लागली तेव्हा सीएने पिझ्झाचा तुकडा तसाच खाली ठेवला.

मग सुरेश वाडकरांचं ‘सुरमई शाम’. गाणं रंगात आलं आणि खट्. एक खरखर, आणि एक चिमुरडा आवाज जोरजोरात शाळेतली कविता म्हणायला लागला. मधे एक म्हातारा खोकला. एक पुरुष म्हणतोय, ‘मोठ्याने म्हण, काकांना ऐकू गेलं पाहिजे.’ चिमुरडा आवाज आणखी मोठ्याने. टाळ्या. पुन्हा खट्. आणि वाडकर परत, भलत्याच ओळीच्या मधोमध.

खोलीत हशा पिकला. ‘ही तू आहेस?’ ‘सो क्यूट!’ ‘रिवाइंड कर, रिवाइंड कर!’ मीही हसले. तीनदा ऐकली. आवाज माझा, खोकला आजोबांचा, मधला माणूस म्हणजे बाबा. रात्रीची सगळ्यात हिट एंट्री माझी ठरली.

घरी आल्यावर कॅसेट परत रुमालात ठेवताना दिसलं. विकत घेतलेल्या कॅसेटच्या वरच्या कडेला दोन भोकं असतात. चुकून कुणी वर रेकॉर्ड करू नये म्हणून ती खुली ठेवलेली असतात. त्यातल्या एकावर सेलोटेपचा पिवळा पडलेला तुकडा होता. ज्यांनी कॅसेटी हाताळल्यात त्यांना ही ट्रिक माहीत आहे. भोक बुजवलं की रेकॉर्डचं बटण दाबलं जातं. दाबलं की आधी इरेज हेड जुना आवाज पुसून काढतं, आणि मग पुढचं हेड त्याच जागी नवा लिहितं. म्हणजे माझ्या कवितेखाली गाणं दडलेलं नाहीये. तिथे ते नाहीच.

रविवारचा फोन

‘आई, हे केलं कुणी?’

‘अगं, तुझे काका मस्कतला होते ना. तू नुकती बालवाडीत जायला लागलेलीस. आजोबांना वाटलं, पोरीचा आवाज पाठवू. मी ड्युटीवर होते. घरात कोरी कॅसेट नव्हती. आदल्या रात्री मी ऐकत होते, तर माझी तशीच टेपमध्ये राहिलेली. बाबांनी टेप चिकटवली नि केलं रेकॉर्ड.’

‘मग ही काकांना पाठवली का नाही?’

‘छे. दुसऱ्या दिवशी बाबांनी कोरी आणली. तुझ्याकडून परत म्हणून घेतलं. ती गेली मस्कतला.’

आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. १९९१ मध्ये लागली, कानाला हेडफोन लावून ट्रंक कॉल जोडायची. पुढे बीएसएनएल झालं आणि २०२० मध्ये तिने व्हीआरएस घेतली. ‘दिवसभर कानात दुसऱ्यांची बोलणी,’ ती म्हणाली. ‘पहिल्या पगारात चप्पल घ्यायची होती, पण ही कॅसेट घेतली. लग्नात सामानाबरोबर आणली. आपल्याकडे टेप आजोबांचा. सकाळी त्यांची नाट्यगीतं, संध्याकाळी बाबांचा किशोरकुमार. माझा नंबर रात्री भांडी झाल्यावर. तेही आवाज बारीक करून.’

‘तू काही बोलली नाहीस?’

‘काय बोलणार? सगळे इतके खुशीत होते. तुझं एवढं कौतुक चाललेलं. त्यात मी गाण्याचं काय घेऊन बसू?’

‘राग आला?’

फोनवर बराच वेळ काही नाही. मला वाटलं, रेंज गेली.

‘आला ना. खूप आला. कुणावर काढायचा ते कळलं नाही. तीन वर्षांच्या पोरीवर कसा काढणार?’ मग म्हणाली, ‘दुसरी घेऊ घेऊ म्हणता राहिलं. नंतर कॅसेटीच गेल्या.’

‘आता मोबाईलवर अख्खा अल्बम आहे की गं.’

‘आहे ना, ऐकते. पण त्या जागेवर आलं की वाटतं, आता तू म्हणायला लागशील. गाणं तसंच पुढे जातं. मग चुकल्या-चुकल्यासारखं होतं.’

ती हे हसत म्हणाली. मला हसता आलं नाही. आदल्या रात्री तीनदा रिवाइंड केलं होतं ना मी!

बाबांना विचारलं तर त्यांना काही म्हणजे काही आठवत नव्हतं. ‘असं झालं होतं का? अरेच्चा!’ संध्याकाळी त्यांनी आईला त्याच घरात, बाजूच्या खोलीतून, ‘लेकिन’च्या सगळ्या गाण्यांची लिंक पाठवली. आईने त्यावर अंगठा पाठवला. चोवीस-पंचवीस वर्षांनंतरची भरपाई. हसावं की काय करावं, तुम्हीच सांगा.

आता तुमचा नंबर

मग मी त्या रात्रीची यादी पुन्हा बघितली. मित्राचा भाऊ, वडील, मामा, काका. नागपूरच्या ताईचा अपवाद सोडला, तर आमचे सगळे ‘आवडते’ अल्बम घरातल्या नाहीतर ओळखीतल्या पुरुषांकडून आलेले. ज्या दशकात आम्हाला धड बोलता येत नव्हतं, त्यातले अल्बम आमचे आवडते झाले, कारण कुणीतरी ते मोठ्या आवाजात लावत होतं. बटण ज्याच्या हातात, त्याची आवड आमच्यापर्यंत पोचली. जिने बारीक आवाजात ऐकलं, तिची पोचली नाही.

रविवारी रात्री मी ग्रुपवर एवढंच टाकलं, ‘तुमच्या आयांचा अल्बम कोणता?’

कुणालाही ठाऊक नव्हतं. सोमवारी उत्तरं यायला लागली. सीएची आई म्हणाली, ‘आशिकी’. नदीम-श्रवण, १९९०. कुमार सानूला पहिलं फिल्मफेअर मिळवून देणारा. तिने तो मैत्रिणीकडून मागून आणला होता आणि परत केलाच नाही! होस्टच्या आईचं उत्तर, ‘मेड इन इंडिया’. ‘गाण्यासाठी?’ असं त्याने विचारलं, तर म्हणाली, ‘गाणंही बरं होतं.’ (व्हिडिओत मिलिंद सोमण होता, हे ज्यांना माहीत आहे त्यांना जास्त सांगायला नको.) चेन्नईवालीच्या अम्माचं, ‘रोजा. तमिळ.’ वर उद्गारचिन्हं तीन.

दादाने सगळ्यात शेवटी लिहिलं. त्याची आई २०२१ मध्ये गेली. ‘आता कुणाला विचारू?’ एवढंच. त्यानंतर ग्रुपवर दिवसभर कुणी काही टाकलं नाही.

तेव्हा दोस्तहो, या वीकेण्डला तुमचीही महफिल जमवा. कॅसेट नसली तर मोबाईल चालेल, फक्त शफल बंद ठेवा. पण त्याआधी घरी एक फोन करा. ‘जेवलीस का’, ‘गोळ्या घेतल्यास का’च्या पुढचा प्रश्न विचारा. तुझा अल्बम कोणता होता? उत्तर बहुतेक लगेच येणार नाही. ‘मला कुठला आलाय अल्बम’ असंही ऐकू येईल. घाईने फोन ठेवू नका. दादाच्या सीडीतसुद्धा शेवटच्या गाण्याआधी दहा मिनिटं काहीच वाजत नाही.